कोंडागाव: घडव्यांच्या पाऱ्यात पाच दिवस

माझी आजी ब्रह्मपुरीकडची, अस्सल झाडीपट्टीतली. ती आयुष्यात कधी 'पाणी' म्हणाली नाही, 'पानी'च म्हणायची. शाळेत जायला लागल्यावर मी तिला सुधारायला बघायचे. 'आजी, पाणी म्हण.' ती बिचारी एकदा जीभ वळवून म्हणायची आणि दुसऱ्या वाक्याला परत 'पानी'. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या सुधारण्याची रुखरुख मात्र माझ्या मनातून गेलेली नाही. छत्तीसगडमधल्या कोंडागावला जायचं ठरवलं ते ढोकऱ्याच्या, म्हणजे मेण गाळून ओतलेल्या पितळी, मूर्ती घडताना बघायला, हे खरं. पण हलबी कानांनी ऐकायची, ही ओढ त्याहून जुनी होती.

हलबी ही बस्तरची, म्हणजे कोंडागावच्या मुलखाची बोली. हलबा लोकांची ती मायबोली आहेच, शिवाय गोंडी बोलणारे, घडवा, लोहार, कुंभार, बाजारातले व्यापारी असे सगळे एकमेकांशी बोलताना तीच वापरतात. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात ती मराठीच्या खंडात, म्हणजे १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात आहे. ती मराठीची बोली की छत्तीसगढी आणि ओडियाच्या सांध्यावर उभी राहिलेली स्वतंत्र भाषा, हा वाद अभ्यासकांनी करावा. मला एवढंच ठाऊक होतं की तिथे 'आमचा'ला 'आमचो' म्हणतात.

पहिला दिवस

नागपूरहून रात्रीच्या गाडीने रायपूर, आणि सकाळी रायपूरहून बस. कोंडागाव तिथून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. धमतरीपर्यंत दोन्हीकडे कापणी झालेली भातशेतं. कांकेर सोडलं की जमीन चढू लागते आणि केशकालचा घाट येतो. एकापाठोपाठ बारा वळणं. मधे तेलीन मातेचं देऊळ आहे. तिथे बसचा वेग कमी झाला, चालकाने हात जोडले आणि मागच्या सीटवरच्या बाईंनी खिडकीतून नाणं टाकलं. वर एक ट्रक आडवा झाला होता, त्यामुळे दीड तास तिथेच गेला. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण घाट चढला की सालाची झाडं सुरू होतात. सरळसोट खोड आणि खाली उन्हाचे कवडसे. थंडीचे दिवस असल्याने हवेला धुराचा वास होता.

कोंडागावला पोचले तेव्हा दुपार कलली होती. २०१२ पासून हे जिल्ह्याचं ठिकाण आहे. बसस्थानकाबाहेर मोबाइलची दुकानं, हार्डवेअर, चहाच्या टपऱ्या, कुठल्याही तालुक्याच्या गावात असतं तसंच सगळं. पण चहा घेता घेता शेजारच्या बाकावरचं बोलणं कानावर पडलं. पूर्ण कळलं नाही, तरी 'मचो', 'तुमचो', 'काय' हे शब्द ओळखीच्या माणसांसारखे गर्दीतून वर येत होते. चहा हातात निवला. मी नुसती ऐकत बसले.

संध्याकाळी भेलवापदर पाऱ्यात गेले. पारा म्हणजे आपला पाडा, भेलवा म्हणजे आपला बिब्बा. ही घडव्यांची वस्ती. घडवतात ते घडवा, आपल्या कानाला वेगळा अर्थ सांगायची गरजच नाही. जयदेव बघेल इथलेच. ही कला देशाबाहेरच्या दालनांपर्यंत नेणारे जे मोजके कारागीर झाले, त्यांत त्यांचं नाव फार वर आहे. २०१४ साली ते गेले. आजही पाऱ्यात कुणाला पत्ता विचारला तर त्यांच्या घरापासूनच खुणा सांगतात.

ज्या घरी माझी ओळख काढून दिली होती तिथे अंगणात एक म्हातारी बाई मेणाचा गोळा मळत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "तुचो नाव काय आय?" मला शब्द न् शब्द कळला. तरी तोंडातून उत्तर हिंदीत गेलं. ती हसली आणि नातीकडे बघून काहीतरी म्हणाली. नात सातवी-आठवीतली. "आया म्हणते, दीदी थकून आली आहे, पेज दे." पेज! कोकणात आणि आमच्या झाडीत ज्या शब्दाने आजाऱ्याला, पाहुण्याला, लेकराला खाऊ घालतात, तोच शब्द. इथे ती मंडियाची, म्हणजे नाचणीची. रात्री आंबवलेलं पीठ आणि थोडे तांदूळ शिजवून केलेली, जराशी आंबूस. दोन्यातून प्यायले. दोना म्हणजे आपला द्रोण.

दुसरा दिवस

आजचा सगळा दिवस त्या अंगणात गेला, म्हणून इथेच जरा जास्त थांबते.

ढोकरा म्हटलं की मोहेंजोदडोच्या नर्तकीचं नाव निघतं. मेण गाळून धातू ओतायची तीच रीत, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. हे खरं असलं तरी त्या अंगणात बसल्यावर मोहेंजोदडो आठवत नाही. आठवतं ते आपल्या घरचं स्वयंपाकघर, कारण यातलं निम्मं काम मळणं, वळणं, थापणं आणि वाळवणं एवढंच आहे.

आधी गाभा. काळी माती आणि भाताचा कोंडा एकत्र मळून घोड्याचा ढोबळ आकार करतात आणि उन्हात वाळवतात. कोंडा अशासाठी, की भट्टीत तो जळून जातो, गाभ्यात बारीक भोकं राहतात आणि वाफ कोंडत नाही. वाळल्यावर वर शेण आणि बारीक मातीचा दुसरा थर. मग म्हातारीने परसातल्या वेलाची हिरवी पानं तोडून आणली, वालाची, आणि घोड्याच्या पाठीवर घासायला लागली. माती हिरवट, गुळगुळीत झाली. मी विचारलं, हे कशाला? तिने माझं बोट धरून आधी न घासलेल्या जागी फिरवलं, मग घासलेल्या जागी. रसाने पृष्ठभाग धरतो, मेण चिकटून बसतं. सांगून कळलं नसतं इतकं त्या एका बोटाने कळलं.

मग मेण. हे मधाच्या पोळ्याचं, त्यात सालाची राळ घालून वितळवायचं आणि फडक्यातून गाळून पाण्यात सोडायचं. नुसतं मेण उन्हात लोळागोळा होतं आणि राळ जास्त झाली तर मोडतं, म्हणून प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं. हिवाळ्यातलं मेण वेगळं, वैशाखातलं वेगळं. तोलून-मापून काही नाही. दातांखाली कण धरून ती ठरवते.

या मेणाचा दोरा करायला लाकडी दट्ट्या असतो, त्याला पिचकी म्हणतात. शेव पाडायच्या सोऱ्यासारखाच. चकतीला बारीक भोक, मागून दट्ट्या छातीने दाबायचा आणि पुढून मेणाचा अखंड दोरा पडत जातो. घरातला कर्ता पुरुष, पन्नाशीचा असेल, पिचकीवर बसला होता. दोरा पाटावर पडला की म्हातारी उचलून घोड्याभोवती गुंडाळायची, एकाला एक खेटून, मधे केसभर फट नाही. ढोकऱ्याच्या मूर्तीवर ज्या समांतर रेघा दिसतात त्या या दोऱ्याच्या. मी कित्येक वर्षं त्यांना नक्षी समजत होते. खरं तर त्या रेघा म्हणजे मूर्तीची कातडी आहे. त्यावरून डोळे, आयाळ, लगाम, घोड्यावरचा राव देव, त्याच्या हातातली तलवार, सगळं मेणाच्याच गोळ्या आणि वळ्या.

मला एक दोरा दिला. मी घोड्याच्या मानेवर चार वेढे घातले. पाचव्याला फट राहिली. म्हातारीने ते वेढे उकलले, मेणाची गोळी करून पुन्हा पिचकीत टाकली, काही बोलली नाही. दुपारनंतर मला जमायला लागलं, तेव्हाही काही बोलली नाही. फक्त दुसरा दोरा पुढे केला.

दिवसभर ते दोघं हलबीतच बोलत होते. नात शाळेतून आल्यावर तीही हलबीत, माझ्याशी मात्र हिंदीत. गिऱ्हाईक आलं की कर्ता हिंदीत भाव सांगायचा आणि परत पिचकीवर बसला की हलबीत. माझ्या लक्षात एक गोष्ट आली. हिंदीत तो 'मूर्ती', 'आयटम', 'पीस' म्हणतो. हलबीत प्रत्येक देवाचं, प्रत्येक दागिन्याचं, प्रत्येक अवस्थेतल्या मेणाचं नाव वेगळं. विक्री हिंदीत होते, पण घडणं हलबीत होतं. नातीला ही कला शिकायची तर ती हलबीतच शिकेल. मी तिला विचारलं, तुला येतं का हे सगळं? तिने उत्तर न देता दप्तर ठेवलं आणि घोड्याचा कान करून दाखवला.

तिसरा दिवस

सकाळी लोहारांच्या वस्तीत. बस्तरचं लोहशिल्प ढोकऱ्याइतकं बोललं जात नाही, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. पूर्वी इथले लोहार दगडापासून लोखंड गाळायचे, आता भंगार आणतात. लाल झालेली सळई हातोड्याने ठोकून चपटी करायची, चिरायची, पीळ द्यायचा. एकाच पट्टीतून हरणाचे पाय, मान, शिंगं निघतात. जोड शोधूनही सापडत नाही.

एका भिंतीवर दिवे टांगले होते. लग्नात मुलीला दिवा द्यायची इथे रीत आहे आणि तो लोहारच करतो. साखळी, वर एक पक्षी, खाली तेलाची वाटी. नाव विचारलं. "लामन दिया." मी पुन्हा विचारलं, कारण विश्वास बसेना. आजीच्या देवघरात पितळेचा लामणदिवा होता. अर्थात ती 'लामनदिवा' म्हणायची. त्या म्हणण्यालाही मी एकदा हसले होते. इथे भर उन्हात, भात्याच्या आवाजात, एक अनोळखी माणूस तिचाच उच्चार करत होता आणि त्याला कुणी चूक म्हणत नव्हतं. मी दिवा घेतला. किंमत कमी करायला सांगितलं नाही.

दुपारी आठवडी बाजार. इथे त्याला हाट म्हणतात. खालच्या गावांतून आलेल्या बायका ओळीने बसलेल्या. मोहाची फुलं, चिंच, मंडिया, लाख, लांदा म्हणजे तांदळाची दारू, दोरीला बांधलेले कोंबडे. वाळवलेल्या बांबूच्या कोंबांना 'बास्ता' म्हणतात, आमच्याकडे 'वास्ते'. धान्य मापायला सोली आणि पायली. एका बाईने पायली भरली, वर शीग केली आणि हाताने ती न पाडता माझ्या पिशवीत ओतली. तुम्यात, म्हणजे वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात, घरून आणलेली पेज ठेवून तिचं दुकान दिवसभर चालतं. तुमा उन्हातही थंड राहतो.

बाजाराच्या कडेला ढोकरा म्हणून काही हत्ती विकायला होते. हातात घेतले तर पोटावरच्या रेघा बोथट आणि दहाही हत्ती सख्खे जुळे. साच्यातून काढलेला माल. विकणाऱ्याचं नाव घेण्यात अर्थ नाही, तोही पोटासाठीच बसला असेल. पण वाचणाऱ्यांनी एवढं बघावं. मेणाचा साचा एकदाच वापरता येतो, म्हणून खरे दोन ढोकरे कधी तंतोतंत सारखे निघत नाहीत. रेघांवरून नख फिरवा. दोरा जिथे संपून नवा सुरू झाला तिथे बारीकशी गाठ लागते.

चौथा दिवस

आज भट्टी. गेल्या पंधरवड्यातली सगळी कामं एकत्र लावायची, म्हणून घरात सणासारखी धांदल.

मेणाच्या मूर्तींवर आधी कोळशाची पूड मिसळलेल्या मातीचा पातळ थर, कारण मेणावरची बारीकातली बारीक रेघ हीच माती उचलते. त्यावर वारुळाची माती. वाळवीने आधीच चाळून, मळून ठेवलेली माती, तिला भट्टीत तडा जात नाही. खाली एक तोंड ठेवलेलं असतं. त्यातून मेण बाहेर जायचं आणि त्यातूनच पितळ आत यायचं. पितळ किती लागणार हे मेणाच्या वजनावरून ठरतं, साधारण आठ-नऊ पट. जुन्या पितळी तांब्याचे, नळाच्या तोट्यांचे तुकडे तराजूत पडत होते.

मातीचे गोळे निखाऱ्यांत तापत ठेवले. मेण थोडं गळलं, थोडं जळालं आणि अंगणभर मधाचा, राळेचा वास पसरला. दुसऱ्या भट्टीत मुशीत पितळ. कर्ता त्या मुशीच्या तोंडावरच्या ज्वाळेकडे बघत होता. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. पितळेतलं जस्त जळायला लागलं की ज्वाळेला हिरवी झाक येते. ती आली आणि त्याने एकच शब्द उच्चारला, तो मला ऐकू आला नाही, पण सगळे उठले. लांब चिमट्याने मूस उचलली गेली. लाल झालेल्या मातीच्या तोंडात पितळेची धार पडली. पहिल्या गोळ्याने ती गपकन गिळली. दुसऱ्याने, तिसऱ्याने. चौथा गोळा मधेच भरल्यासारखा झाला, धार वरून ओघळली. कर्त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि तो पाचव्याकडे वळला.

निवायला तास-दीड तास. मग हातोडीने माती फोडायची. नात पहिला गोळा फोडायला बसली. काळी ढेकळं गळून पडली आणि आतून घोड्याची मान वर आली, अजून मळकी, पण प्रत्येक वेढा जागच्या जागी. मानेवर मी गुंडाळलेले दोरेही त्यात असतील. कुठले ते मला ओळखता आले नाहीत आणि त्याचंच फार बरं वाटलं.

चौथ्या गोळ्यातल्या घोड्याला मागचा एक पाय नव्हता. पितळ तिथवर पोचलंच नव्हतं. कुठेतरी वाफ अडली असणार. आठ दिवसांची मेहनत. म्हातारीने तो घोडा हातात घेतला, उलटासुलटा केला, मोडक्या जागी अंगठा फिरवला आणि भंगाराच्या टोपलीत ठेवला. फेकला नाही, ठेवला. पुढच्या भट्टीत तो वितळेल आणि कशाचा तरी पाय होईल.

चौथ्या दिवसाची रात्र

ही वेगळी लिहायला हवी. शेजारच्या पाऱ्यात लछमी जगार बसला होता. कापणीनंतरच्या दिवसांत अनेक दिवस चालणारं हे गाणं, संपूर्ण हलबीत आणि संपूर्ण तोंडपाठ. गाणाऱ्या बायकाच असतात, त्यांना गुरुमाय म्हणतात. एक पाट गुरुमाय, दुसरी चेली गुरुमाय. हरिहर वैष्णव याच गावात राहिले आणि अशी जगारं ध्वनिमुद्रित करून, अक्षर न् अक्षर उतरवून घेण्यात त्यांनी आयुष्य घातलं. २०२१ साली ते गेले. ते नसते तर या गाण्यांचा कितीतरी भाग एखाद्या गुरुमायबरोबरच संपला असता.

वाद्य बघून मी चकित झाले. त्याला धनकुल म्हणतात. जमिनीवर मातीची हंडी, तिच्या तोंडावर पालथं सूप, सुपावर धनुष्याचं एक टोक टेकवलेलं. धनुष्याच्या काठीला खाचा पाडलेल्या असतात. गुरुमाय उजव्या हाताने बांबूची चिरलेली काडी, छिरनी काडी, त्या खाचांवरून ओढते आणि डाव्या हाताने दोरी छेडते. खाचांचा खर्रर्र आवाज आणि हंडीतून येणारा घुमारा एकत्र होतो. हंडी, सूप, धनुष्य: म्हणजे स्वयंपाकघर, खळं आणि रान, तिन्ही एका जागी येऊन गायला लागलेली.

लछमी म्हणजे भात. तिचं नारायण राजाशी लग्न लागतं आणि त्याच्या घरी आधीच एकवीस राण्या आहेत. त्या तिला छळतात. पाट गुरुमाय ओळ टाकायची, चेली ती उचलायची. नात माझ्या कानाशी हिंदीत अर्थ सांगत होती. मध्यरात्रीच्या सुमाराला तिला झोप लागली आणि माझ्या मांडीवर तिचं डोकं आलं. त्यानंतर अर्थ सांगायला कुणी नव्हतं. तरी कळत होतं. 'पानी' कळलं, 'घर' कळलं, 'आया', म्हणजे आई, कळलं, सासरी एकट्या पडलेल्या मुलीच्या आवाजातला कढ कळला. माझ्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या मी कधी लिहून घेतल्या नाहीत. चार ओळीसुद्धा आज मला पाठ नाहीत. शेजारी बसलेली एक बायले, म्हणजे बाईमाणूस, माझ्याकडे बघून पदर पुढे करत होती, तेव्हा कळलं की मी रडतेय.

पाचवा दिवस

परतीची बस सकाळची. पाऱ्यात निरोप घ्यायला गेले तेव्हा घोडे घासणीला बसले होते. तारेच्या ब्रशाने घासल्यावर काळपट कातडीतून पिवळा उजेड वर येत होता. एक घोडा मी घेतला. म्हातारीने तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला. शेजारच्या घरातलं एक पिला, चार-पाच वर्षांचं, दारात येऊन उभं राहिलं आणि त्याने मला विचारलं, "तुचो नाव काय आय?"

या वेळी मी थांबले, जीभ जुळवली. "मचो नाव," मी म्हटलं, आणि माझं नाव सांगून शेवटी "आय" जोडलं. म्हातारीने गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे पाहिलं. मग पुडक्यावर दोरीचा आणखी एक वेढा घातला, एकाला एक खेटून, आणि गाठ मारली.

घाट उतरताना बसमध्ये घोडा मांडीवर होता. केशकालला या खेपेला ट्रक अडकलेला नव्हता. रायपूरला गाडी वेळेवर मिळाली.

घरी आल्यावर आईने आधी मंडियाची पिशवी उघडली, मग घोडा बघितला, मग वर्तमानपत्रातून दिवा काढला. तो हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. तुळईला एक लोखंडी कडी आहे. आजी गेल्यापासून ती रिकामीच होती. आईने स्टूल ओढलं, वर चढली आणि पदराने त्या कडीवरची धूळ पुसायला लागली.